स्वप्न दोनदा पडलं म्हणजे देवाकडून ठरलंच का?

निशिगंध

नमस्कार. बायबलमधल्या जुन्या कराराचा अभ्यास असलेल्या कुणाशी तरी बोलायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की काय होतं ते मागच्या पंधरा दिवसांत भोगलंय.

आई जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात ती स्वप्नात आली. दारात उभी, आत येत नाही. हातात माझ्या मुलाचा शाळेचा बूट, एकच. काळा, नाडी सुटलेली. मी हात पुढे केला तर तिनं तो दिला नाही, छातीशी धरला आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला जाग आली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. तेच दार, तोच बूट.

आम्ही काही जणी प्रार्थनेला एकत्र बसतो. तिथल्या एका ज्येष्ठ बाईंना मी हे सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील की आईची आठवण येतेय गं तुला. त्यांनी डोळे मिटले, दोनेक मिनिटं गप्प राहिल्या आणि उत्पत्ती ४१:३२ उघडून माझ्यापुढे ठेवलं. योसेफ तिथे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाला, फारोला सांगतो, स्वप्न दोनदा का पडलं, तर ती गोष्ट देवानं ठरवलेली आहे आणि तो ती लवकरच घडवून आणणार आहे. मग म्हणाल्या, "आईनं त्याचा बूट धरलाय ना, पोरगा तिच्याकडे जाणार. प्रार्थना कर, पण मनाची तयारी ठेव."

मुलगा नऊ वर्षांचा आहे. धडधाकट. त्या दिवसापासून मी रात्री दोन-तीनदा उठते आणि त्याच्या नाकाखाली तळहात धरून श्वास लागतो का ते बघते. नवऱ्याला यातलं काहीच सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते आणखी खरं होईल असं वाटतं.

बायबलमधल्या भविष्य सांगणाऱ्या स्वप्नांचा अर्थ खरंच असा लावतात का? दोनदा पडलं की ठरलं, हा नियम आहे का? योसेफाची, दानीएलची स्वप्नं आणि माझ्यासारखीला पडलेलं स्वप्न एकाच मापानं मोजायचं का? ही वचनं मी लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून तर इतका धसका घेतला. कृपा करून "अंधश्रद्धा आहे, सोडून दे" एवढंच लिहू नका. माझी श्रद्धा आहे आणि उत्तर मला तिच्या आतूनच हवंय.

---

रानवारा

ताई, देव स्वप्नातून बोलतो यावर माझा विश्वास आहे. योएल संदेष्ट्यानं सांगितलेलं, की वृद्धांना स्वप्नं पडतील आणि तरुणांना दृष्टांत होतील, ते येशूचा शिष्य पेत्र यानं पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या) सणाला सगळ्यांसमोर पुन्हा म्हटलं (प्रेषितांची कृत्ये २:१७). तेव्हा तुमचं स्वप्न कुणी हसण्यावारी न्यावं असं मला वाटत नाही.

पण त्याच पुस्तकात सोळावा अध्याय वाचा. त्रोवस शहरात प्रेषित पौलाला रात्री दृष्टांत होतो, मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून विनवतोय, इकडे ये, आम्हाला मदत कर. पुढच्याच वचनात लेखक म्हणतो की "आम्ही" असं अनुमान केलं. दृष्टांत एकट्या पौलाला झाला होता, पण त्याचा अर्थ काय आणि आता करायचं काय, ते बरोबरच्या माणसांनी मिळून ठरवलं. एका बाईनं दोन मिनिटं डोळे मिटून निकाल द्यावा, असं तिथे झालेलं दिसत नाही.

नवऱ्याला सांगा. एवढंच कळकळीचं म्हणणं.

---

जुनी वही

ताई, तुमचं लिखाण सकाळी वाचलं आणि दिवसभर तो तळहात डोळ्यांपुढून हलला नाही. गेली तीस वर्षं मी बायबलचा अभ्यासवर्ग घेतो. उत्पत्तीचे योसेफाचे अध्याय किती वेळा शिकवले त्याची मोजदाद नाही. म्हणून सगळ्यात आधी त्या वचनाबद्दलच लिहितो.

बाईंनी तुम्हाला ३२ वं वचन दाखवलं. बायबल पुन्हा उघडा आणि ३३ वं वाचा. मूळ हिब्रूत तिथे कथा तुटत नाही, योसेफ श्वाससुद्धा घेत नाही. "देवानं ठरवलं आहे" म्हणून झाल्याबरोबर तो म्हणतो, तर आता फारोनं एक समजूतदार, शहाणा माणूस शोधावा. मग कामांची यादीच सुरू होते: देशावर अधिकारी नेमा, सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा घ्या, नगरानगरांत धान्य साठवा. आणि ३६ व्या वचनात हे सगळं कशासाठी तेही सांगून टाकतो, म्हणजे दुष्काळानं देशाचा नाश होणार नाही. ठरलेलं काय होतं? पाऊसपाणी. सात वर्षं पिकणार, सात वर्षं पिकणार नाही. माणसं मरणार, हे ठरलेलं नव्हतं. माणसं वाचावीत म्हणूनच तर ते आधी सांगितलं गेलं. जे वचन लोकांना जगवण्यासाठी उच्चारलं गेलं, ते एका आईला मुलाच्या मरणाची "तयारी ठेव" म्हणून सांगायचं, हे मला सहन झालं नाही. स्पष्टच लिहितो.

आता दोनदा पडण्याबद्दल. फारोची दोन स्वप्नं एकाच रात्रीतली आहेत आणि त्यांतली चित्रं वेगळी आहेत. पहिल्यात नदीतून वर आलेल्या गाई, दुसऱ्यात कणसं. योसेफ म्हणतो, ही दोन्ही मिळून स्वप्न एकच. "जे स्वप्न दोनदा पडेल ते ठरलेलं" असा सगळ्या माणसांसाठी, सगळ्या काळासाठी नियम तो करत नाही. त्या राजाच्या त्या रात्रीच्या स्वप्नाचा उलगडा करतो. त्याचं स्वतःचं उदाहरण घ्या ना. सतराव्या वर्षी त्यालाही दोन स्वप्नं पडली होती, पेंढ्यांचं आणि सूर्य, चंद्र, अकरा ताऱ्यांचं. तेव्हा बाप रागावला, भावांच्या पोटात जळलं, पण दोनदा पडलं म्हणून ठरलं, असं त्या घरात कुणीच म्हणालं नाही. शलमोन राजाला गिबोनात स्वप्नात दर्शन झालं. पुढे मंदिर बांधून झाल्यावर परमेश्वरानं त्याला तसंच दुसऱ्यांदा दर्शन दिलं (१ राजे ९). त्या दुसऱ्या वेळचं सगळं बोलणं "जर"वर उभं आहे. जर तू माझ्यासमोर नीट चाललास तर असं, जर मागे फिरलात तर तसं. दुसऱ्यांदा आलं म्हणून दार बंद झालं, असं काही नाही.

बरं, मरणाची सूचना देणारी स्वप्नं बायबलमध्ये आहेत का? आहेत, आणि ती मी लपवणार नाही. "स्वप्न" असं म्हणून सांगितलेलं बायबलमधलं पहिलंच स्वप्न तसं आहे. उत्पत्तीचा विसावा अध्याय. गरारचा राजा अबीमलेख यानं अब्राहामाच्या साराला नेलंय, आणि देव त्याला रात्री स्वप्नात सांगतो की तू मेलासच म्हणून समज. याहून कडक शब्द सापडणार नाहीत. तरी तो राजा मरत नाही! कारण त्याच स्वप्नात पुढे आहे, त्या माणसाची बायको परत कर म्हणजे तू वाचशील. सकाळी लवकर उठून तो चाकरांना बोलावतो आणि साराला परत करतो. दुसरं स्वप्न योसेफाबरोबर तुरुंगात असलेल्या, फारोच्या आचाऱ्याचं. तिथे सुटका नाही, तिसऱ्या दिवशी त्याला टांगतात. पण तो राजाचा अपराधी म्हणून कोठडीत होता आणि निकाल राजाच्या हातात होता. मथितार्थ असा की, निष्पाप लेकरू मरणार असं त्याच्या आईला सांगणारं एकही स्वप्न बायबलमध्ये नाही. लेकराबद्दलचं स्वप्न आहे ते बाळ येशूबद्दलचं, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, आणि ते लेकराला वाचवायला आलेलं आहे. ऊठ, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशात पळून जा.

ईयोबाच्या पुस्तकात अलीहू हेच फार सरळ सांगतो (३३:१४ पासून). माणसं गाढ झोपेत असताना देव त्यांच्या कानात बोलतो, ते कशासाठी? माणसाला त्याच्या कृत्यापासून वळवावं आणि त्याचा जीव गर्तेपासून राखावा म्हणून. राखावा, हा शब्द मी माझ्या प्रतीत शिसपेन्सिलीनं अधोरेखित केलाय.

ती बाई दोन मिनिटांत बोलली, असं तुम्ही लिहिलंत. दानीएलचा चौथा अध्याय काढा. नबुखद्नेस्सर राजा झाडाचं स्वप्न सांगतो. आभाळाला टेकलेलं झाड, ते तोडायची आज्ञा होते, फक्त बुंधा जमिनीत राहतो. दानीएलला अर्थ कळतो आणि त्याची वाचाच बसते. मनातल्या विचारांनी तो इतका घाबरा होतो की राजालाच त्याला धीर द्यावा लागतो. आणि लक्षात घ्या, राजा कोण? दानीएलचं यरुशलेम उद्ध्वस्त करणारा. त्या माणसासाठीसुद्धा दानीएलच्या तोंडून पहिलं वाक्य काय येतं, तर हे स्वप्न तुझ्या वैऱ्यांना लागू होवो. मग तो अर्थ सांगतो, हा परात्पराचा निर्णय आहे असंही सांगतो, आणि तरीसुद्धा शेवटी राजाला विनवतो. नीतीनं वाग, गरिबांवर दया कर, कदाचित तुझे सुखाचे दिवस लांबतील. "निर्णय" आणि "कदाचित" हे दोन्ही एकाच तोंडून, एकाच बैठकीत. त्यानंतर बारा महिने जातात. राजा बदलत नाही, म्हणून ते घडतं. आणि घडल्यावरही तो बुंधा जमिनीत शिल्लकच असतो, राजाला शुद्ध आणि राज्य दोन्ही परत मिळतं. माझ्यापुरती मी एक खूण धरलेली आहे. वाईट स्वप्नाचा अर्थ सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी दानीएलसारखी कालवाकालव दिसली पाहिजे. ती नसेल तर त्या अर्थावर मी एक रात्रही जागणार नाही.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं का लिहितोय, तेही सांगतो. सव्वीस वर्षांचा असताना मी हीच चूक उलट बाजूनं केली. माझ्या जिवलग मित्राची बायको दवाखान्यात होती. मला स्वप्न पडलं, ती घरामागे उन्हात कपडे वाळत घालतेय, तोंडात एक चिमटा धरलेला. मी धावत जाऊन त्याला सांगितलं, देवानं दाखवलंय, ती उठणार. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. तिच्या भावाला लांबून बोलावून घ्यायचं चाललं होतं, ते त्यानं पुढे ढकललं. तीन आठवड्यांनी ती गेली. भावाची आणि तिची भेट झाली नाही. मित्र मला एका शब्दानं बोलला नाही. बऱ्याच दिवसांनी फक्त एवढंच विचारलं, "तुला ती दिसली होती, की ती तशी दिसावी असं तुला वाटत होतं?"

यिर्मयाचा तेविसावा अध्याय मी त्यानंतर वाचला, म्हणजे खरा वाचला. "मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं" असं म्हणत फिरणाऱ्या संदेष्ट्यांबद्दल परमेश्वर तिथे म्हणतो की हे आपल्याच मनातलं कपट बोलतात. मी कपटी नव्हतो. पण मनातलंच बोललो होतो. त्याच अध्यायातलं २८ वं वचन मला तेव्हापासून पाठ आहे. ज्याला स्वप्न पडलं त्यानं स्वप्न म्हणून सांगावं, ज्याच्याजवळ माझं वचन आहे त्यानं ते खरेपणानं सांगावं, गव्हापुढे भुसा तो काय? स्वप्न सांगू नका, असं देव म्हणत नाही. स्वप्न म्हणून सांगा, म्हणतो. मी मित्राला म्हणायला हवं होतं, मला असं स्वप्न पडलं, तुझी फार काळजी वाटतेय. बस. त्या बाईंनी तुम्हाला तेवढंच म्हणायला हवं होतं.

अजून एक. भविष्य सांगणाऱ्या स्वप्नाचा खरा अर्थ बहुतेक वेळा मागाहून, ते घडल्यावर कळतो. योसेफाच्या पेंढ्या बघा. भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमन करतात. ऐकल्या क्षणी सगळ्यांना त्यात एकच गोष्ट दिसली, नमन. भावांना ती खुपली आणि बहुधा त्या सतरा वर्षांच्या पोराला ती आवडली. मग भावांनी खड्ड्यात टाकणं, विक्री, मिसरातला तुरुंग. तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहिला, मग सुकाळाची सात वर्षं, मग दुष्काळ लागला आणि भाऊ मिसरात येऊन त्याच्यापुढे जमिनीला डोकं टेकतात. वीस-एक वर्षं उलटलेली. ४२:९ म्हणतं, तेव्हा योसेफाला आपली स्वप्नं आठवली. ते कशासाठी आले होते? धान्य विकत घ्यायला! स्वप्नात नमन करत होत्या त्या पेंढ्या होत्या, धान्याच्या. उपाशी घराला धान्य मिळणार आणि ते या धाकट्या भावाच्या हातून मिळणार, हे पहिल्या दिवसापासून स्वप्नात लिहिलेलं होतं. नमन सगळ्यांनी पाहिलं, धान्य कुणीच पाहिलं नाही. हा अर्थ मला कुठल्या टीकाग्रंथात मिळाला नाही, वर्गात विसाव्यांदा की पंचविसाव्यांदा शिकवताना अचानक दिसला आणि मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो.

म्हणून तुमच्या आईच्या हातातल्या बुटाचा अर्थ मी लावणार नाही. माझ्याजवळ तो अधिकार नाही, आणि त्या बाईंजवळही नव्हता. "उलगडा करणं देवाकडचं नाही काय?" असं योसेफानंच तुरुंगातल्या आचाऱ्याला आणि त्याच्या सोबतच्या कैद्याला विचारलं होतं.

---

निशिगंध

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) तुमचं उत्तर तीनदा वाचलं. ३३ वं वचन माझ्याच बायबलमध्ये, त्याच पानावर होतं आणि माझी नजर तिथपर्यंत गेलीच नव्हती. मित्राची गोष्ट लिहिलीत त्याबद्दल काय म्हणू? आभार.

एक शंका राहतेच. येशूच्या आईचा, मरीयेचा नवरा योसेफ, त्याला लगेच कसं कळलं? स्वप्न पडलं आणि तो त्याच रात्री उठून निघाला. त्यानं ना कुणाला विचारलं, ना बारा महिने वाट पाहिली. मग मीसुद्धा माझ्या स्वप्नावरून काहीतरी करायला नको का, ही टोचणी जात नाही.

---

शिलालेख

मी धर्मशास्त्राचा नाही, प्राचीन लिपी आणि मजकूर हा माझा विषय. दोन-तीन गोष्टी उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

इजिप्तमध्ये स्वप्नांचे तयार कोश असत. त्यांतला एक पपायरस दैर अल-मदिना इथला, इसवी सनपूर्व तेराव्या शतकातला, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याची मांडणी अशी: माणसानं स्वप्नात स्वतःला अमुक करताना पाहिलं तर चांगलं, त्याचा अर्थ असा, तमुक करताना पाहिलं तर वाईट, त्याचा अर्थ तसा. "वाईट" हा शब्द लाल शाईनं लिहिलाय. वस्तू शोधा, अर्थ वाचा, काम संपलं. उत्पत्तीच्या कथेत फारो आपल्या सगळ्या जाणत्यांना बोलावतो आणि एकालाही उलगडा करता येत नाही, याला त्यामुळे वेगळीच धार येते. योसेफाकडे असा कोश नाही. तुरुंगातल्या एका कैद्याच्या स्वप्नात द्राक्षवेलीच्या तीन फांद्या म्हणजे तीन दिवस, पण सात गाई म्हणजे सात वर्षं, आणि अकरा तारे म्हणजे भाऊ. एक मोजमाप दुसरीकडे चालत नाही. त्याच्या उलगड्यासाठी हिब्रूत जो शब्द आहे, पित्रोन, तो अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये उत्पत्तीच्या याच दोन अध्यायांत येतो. "बूट धरला म्हणजे नेणार" हे वाचताना मला तो लाल शाईचा पपायरस आठवला.

दुसरं, ताई, तुमच्या स्वप्नात मृत आई आहे म्हणून. कॅथलिक बायबलमध्ये मक्काबीचं दुसरं पुस्तक आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायात निकानोर या शत्रू सेनापतीशी लढाई व्हायच्या आधी ज्यूंचा नेता यहूदा मक्काबी आपल्या माणसांना स्वप्न सांगतो. त्यात दोन दिवंगत माणसं दिसतात, पूर्वीचा महायाजक ओनियास आणि यिर्मया संदेष्टा. ओनियास हात पसरून लोकांसाठी प्रार्थना करतोय, यिर्मया सोन्याची तलवार देतोय. गेलेली माणसं तिथे कुणाला न्यायला आलेली नाहीत, जिवंतांच्या पाठीशी उभी राहायला आली आहेत.

आणि ज्यू परंपरेतलं एक. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या बेराखोत या भागात स्वप्नांवर पानंच्या पानं आहेत. रव्ह हिस्दा नावाचे गुरू म्हणतात, उलगडा न झालेलं स्वप्न म्हणजे न वाचलेलं पत्र. तिथेच असंही येतं की जसं गव्हात भुसा असायचाच, तसं फोल भाग नसलेलं स्वप्न असूच शकत नाही. जुनी वही यांनी दिलेल्या यिर्मयाच्या वचनावरच ते बेतलेलं आहे. स्वप्नानं ज्याचं मन दुःखी झालं त्याच्यासाठी उपायही सांगितलाय. तीन माणसांकडे जावं आणि म्हणावं, मी चांगलं स्वप्न पाहिलं. त्या तिघांनी म्हणावं, चांगलंच आहे आणि चांगलंच होवो, देव ते चांगलं करो.

---

जुनी वही

काका चालेल, आनंदानं.

योसेफाबद्दल. मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत त्याला चार स्वप्नं पडतात, आणि पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांना एक. शेवटाकडे रोमी सुभेदार पिलाताच्या बायकोचं एक आहे. यांतल्या योसेफाच्या स्वप्नांत कोडं एकही नाही. गाई नाहीत, पेंढ्या नाहीत. सरळ वाक्यं आहेत, मरीयेला घरी आणायला घाबरू नको, ऊठ, बाळाला घे, जा, परत ये. फारोच्या स्वप्नाला उलगडा करणारा लागतो, याला लागत नाही. अभ्यासक या दोन जाती वेगळ्या मानतातच, चित्रांचं स्वप्न वेगळं आणि निरोपाचं वेगळं. तुमच्या स्वप्नात आई काही बोलली का? तुम्ही लिहिलंय, नुसती बघत राहिली. मग पाळायचं असं काही तुमच्या हातात दिलेलंच नाही. ती टोचणी स्वप्नाची नाही हो, त्या बाईंच्या वाक्याची आहे.

आणखी बारकाईनं बघा. पहिलं स्वप्न पडायच्या आधीच योसेफानं ठरवलेलं होतं की मरीयेची बेअब्रू होऊ द्यायची नाही. तिला गुपचूप सोडून द्यायचा त्याचा बेत स्वप्न बदलतं, पण तिला जपायच्या त्याच वाटेवर त्याला पुढे नेतं. चौथ्या वेळी, यहूदीयात अर्खेलाव राज्य करतो असं ऐकून तो आधीच तिकडे जायला भ्यालेला असतो, मग स्वप्नात सूचना होते आणि तो गालीलात जातो. त्याच्या शहाणपणाला, त्याच्या काळजीलाही स्वप्न खोटं पाडत नाही, सोबत घेतं. शुभवर्तमानांत या माणसाच्या तोंडी एकही वाक्य नाही. आहेत ती क्रियापदं. उठला, घेतलं, निघाला, राहिला. आणि प्रत्येक क्रियापद त्या बाळाची आणि त्याच्या आईची काळजी वाहणारं आहे. तुम्हाला काही करायचंच असेल तर त्या जातीचं करा. मुलाची काळजी वाटते तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, त्यात कमी श्रद्धा नाही. आणि रानवारा म्हणतात तसं नवऱ्याला सांगा. नाकाखाली हात धरणं मात्र या क्रियापदांत बसत नाही. त्यानं तुमची झोप जाते, त्याला काहीच मिळत नाही.

शिलालेख, मक्काबीतलं स्वप्न मी वर्गात कधी घेतलं नव्हतं, या वेळी घेणार. आणि ते तिघांचं वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. अर्थ लावण्यानंच स्वप्न घडतं, असं मी मानत नाही. पण घाबरलेल्या माणसाला एकट्यानं स्वप्न उशाशी घेऊन झोपू द्यायचं नाही, हे त्या लोकांना कळलं होतं.

तेव्हा ताई, माझ्याकडून: चांगलंच आहे आणि चांगलंच होवो.

---

रानवारा

चांगलंच आहे आणि चांगलंच होवो. देव ते चांगलं करो.

---

शिलालेख

चांगलंच आहे. चांगलंच होवो.

---

निशिगंध

काल रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. आधी स्वप्न, मग त्या बाई, मग हा सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत मध्ये बोलला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "बूट उजवा होता की डावा?"

मला सांगता येईना. दोनदा पाहिलेला, नाडीसकट लक्षात राहिलेला बूट, आणि तो कुठल्या पायाचा ते आठवेना. पहिल्या वेळी एका पायाचा आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या पायाचा असेल का, असं तो म्हणाला. मला अचानक रडू आलं. आई गेल्यापासून इतकी रडले नव्हते.

नंतर आम्ही दोघं मुलाच्या खोलीत गेलो. तो आडवातिडवा झोपला होता, पांघरूण जमिनीवर. ते उचलून त्याच्या अंगावर घातलं आणि दार लोटून आलो.